इराणमधील बहाई बांधवांचा छळ

दिल्लीचे कमळाच्या आकाराचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते बहाई धर्मीयांचे उपासनास्थान. हा धर्म एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये उदयास आला. परंतु आज त्याच भूमीत त्याच्या अनुयायांना कायद्याचे संरक्षण नाही.

१९७९ च्या क्रांतीनंतर स्वीकारलेल्या इराणच्या राज्यघटनेच्या १३ व्या कलमात झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या तीनच अल्पसंख्याक धर्मांना मान्यता आहे. बहाई धर्माला नाही. क्रांतीपासून दोनशेहून अधिक बहाईंना ठार मारण्यात आले. १९९१ च्या एका गोपनीय सरकारी आदेशाने त्यांना विद्यापीठांची दारे बंद केली. सरकारी नोकरी त्यांना मिळत नाही. त्यांच्या दफनभूमीही उद्ध्वस्त केल्या जातात.

१८ जून १९८३ रोजी शिराझ शहरात दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आली. त्यांतील सर्वांत लहान मुलगी अवघी १७ वर्षांची होती. मुलांना धर्मशिक्षण देणे हा तिचा मुख्य 'अपराध'. धर्मत्याग केल्यास सुटका होईल, असे सांगूनही त्या दहाजणींपैकी एकीनेही तो केला नाही. आपल्या धर्मग्रामांत दर रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या भगिनींनी हे क्षणभर मनात आणावे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजीच्या घोषणापत्रात स्पष्ट केले, की धर्मस्वातंत्र्याचा हक्क मानवी प्रतिष्ठेतच रुजलेला आहे. तो केवळ आपला नव्हे, प्रत्येकाचा आहे. इराणमध्ये इस्लाम सोडून ख्रिस्ती होणाऱ्यांनाही तुरुंगवास भोगावा लागतो. म्हणून छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी प्रार्थना करताना बहाई बांधवांचेही स्मरण करू या.