सदोष खेळ आणि 'चूक झाली' या वाक्याचा कर्ता

विद्यार्थिवर्ग ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतो, त्या भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांत राहून गेलेल्या दोषांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सामान्यतः व्यापाराचा अथवा कायद्याचा समजला जातो. प्रस्तुत लेखकास तो प्रथम वाक्यरचनेचा वाटतो. विरारची लोकल रखडली की 'गाडीला उशीर झाला' असे आपण म्हणतो. उशीर कोणी केला, हे विचारण्यास त्या वाक्यात जागाच नसते. 'खेळात चूक झाली' या वाक्याचीही तीच गत. व्याकरणदृष्ट्या हा कर्तरी प्रयोग होय, आणि त्यातील कर्ता कोण, तर खुद्द 'चूक'! 'माझ्याकडून चूक झाली' असे म्हटले की माणूस पुढे येतो, परंतु हेतू मागे राहतो. 'मी चूक केली' हे वाक्य मात्र फार थोड्यांच्या तोंडून निघते.

आता या प्रकारच्या खेळांत काही दोष अटळ असतात, हे मान्य केले पाहिजे. खेळाडूच्या प्रत्येक निवडीने कथेस फाटा फुटतो. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अवघ्या 20 दुहेरी निवडी घेतल्या तरी 10,48,576 मार्ग संभवतात. ते सर्व तपासून पाहणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून 'दोष का राहिला' यापेक्षा 'दोष ठाऊक होता काय, आणि ठाऊक असता खेळ कोणी विक्रीस काढला' हे विचारणे अधिक सयुक्तिक ठरते.

सायबरपंक 2077 या खेळाच्या बाबतीत वाद नेमका येथेच अडला. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने तो 10 डिसेंबर 2020 रोजी प्रसिद्ध केला. प्लेस्टेशन 4 व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर त्याची अवस्था इतकी शोचनीय होती की, सोनीने आठवडाभरातच तो आपल्या विक्रीभांडारातून काढून घेतला व ग्राहकांस पैसे परत देऊ केले. तो तेथे परतला जून 2021 मध्ये. दरम्यान, जानेवारी 2021 मध्ये संस्थेचे एक संस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जाहीर क्षमा मागितली. प्रकाशनाचा अखेरचा निर्णय आपण व संचालक मंडळाने घेतला, काम करणाऱ्यांस दोष देऊ नये, असे त्यांनी सांगितले. येथे कर्ता स्पष्ट आहे. परंतु त्याच निवेदनात, खेळाडूंना जाणवलेले बरेच दोष चाचणीत दिसून आले नाहीत, असेही विधान होते, आणि येथे कर्ता पुन्हा अदृश्य झाला. काही दिवसांतच ब्लूमबर्गने कर्मचाऱ्यांचे म्हणणे प्रसिद्ध केले: दोष आढळले होते, ते दुरुस्त करण्यास वेळ नव्हता. 'आढळले नाहीत' आणि 'आढळले, पण वेळ दिला नाही' या दोन वाक्यांत सारी जबाबदारी इकडची तिकडे होते. पहिल्याने ती चाचणी करणाऱ्याच्या माथी येते, दुसऱ्याने तारीख ठरविणाऱ्याच्या.

आपला ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 उत्पादक, सेवा पुरवठादार व विक्रेता असे कर्ते नावानिशी वेगळे करतो, ही समाधानाची गोष्ट. मात्र उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी वगळलेली आहे. त्यामुळे बिघडलेल्या खेळाबद्दल त्या वाटेने फारसे काही हाती लागण्यासारखे नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण पाहू जाता युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे वळावे लागते. त्यांच्याकडे सोपविलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या खेळाचा नवा अवतार (तो भूमिकाप्रधान खेळ नव्हे, हे येथेच नमूद करतो) सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाला. त्याच्या दृश्यरूपावर कठोर टीका झाली, प्रकाशन वारंवार लांबले, आणि मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रिऑलच्या शाखेकडे 'सोपविण्यात आले'. पुणे-मुंबईच्या कामावरच पुढील उभारणी होईल, असे कंपनीने तेव्हा कळविले. टीकाकारांनी मात्र या वाक्याचा कर्ता केव्हाच ठरवून टाकला होता: भारतीय शाखा. काम कोणाकडे द्यावयाचे, किती मुदतीत, आणि अपुरे असता लोकांपुढे केव्हा मांडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्या मूळ कंपनीकडे असतो, तिचे नाव त्या मानाने थोड्यांनीच घेतले.