विश्लेषण : कॉम्प्युटरला थेट जोडलेला मायक्रोकंट्रोलर का जळतो?

डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की हा प्रकार हमखास घडतो. ब्रेडबोर्डवर सर्किट नीट चालत असते. कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टच्या तारा थेट मायक्रोकंट्रोलरला जोडल्या जातात आणि स्क्रीनवर भलतीच अक्षरे उमटतात. नशीब खराब असेल तर पिन कायमची जाते. मग रात्रभर प्रोग्राम तपासला जातो. चूक मात्र तिथे नसते.

व्होल्टेजचा घोळ काय?

८०५१ किंवा अर्डुइनो उनोवरची चिप ५ व्होल्टवर चालते. तिच्या लेखी ० व्होल्ट म्हणजे ‘०’ आणि ५ व्होल्ट म्हणजे ‘१’. कॉम्प्युटरमागचा नऊ पिनांचा पोर्ट आरएस-२३२ या १९६०च्या दशकातल्या मानकाने बोलतो. त्यात ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. व्होल्टेज जास्त, शिवाय अर्थही उलटा! लांब केबलमधून जाताना सिग्नल क्षीण झाला तरी ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. गंमत म्हणजे काहीही पाठवले जात नसतानाही पोर्टची पाठवणारी तार उणे व्होल्टेजवरच असते. त्यामुळे ‘नुसती जोडून पाहिली’ हेसुद्धा महागात पडू शकते.

मधला दुभाषा

पूर्वी यासाठी अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा वेगळा पॉवर सप्लाय लागे. १९८७ मध्ये आलेल्या मॅक्स-२३२ या चिपने ती कटकट संपवली. चार छोटे कपॅसिटर आळीपाळीने भरून-रिकामे करत ती ५ व्होल्टमधूनच अधिक आणि उणे, दोन्ही व्होल्टेज तयार करते आणि सिग्नल उलटवून देते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ८०५१ किटवर ती आजही दिसते.

लॅपटॉपवरून तो पोर्ट गेला, घोळ गेला नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ‘यूएसबी टू सीरियल’ मागितले, तर दोन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात : नऊ पिनांची आरएस-२३२ केबल किंवा सीएच३४०, सीपी२१०२ अशा चिपचे टीटीएल मोड्यूल. मायक्रोकंट्रोलरला थेट जोडायचे तर दुसरेच हवे. त्यातही ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टवाला, मोड्यूलचा जम्पर ५ वर राहिला तर त्याच्या पिनला धोका.

जोडण्याआधी मल्टिमीटरने मोड्यूलच्या टीएक्स आणि ग्राउंडमधले व्होल्टेज मोजावे. ३.३ की ५, ते लगेच कळते. उणे आकडा आला तर केबल बाजूला ठेवावी. नंतर एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडावा आणि ग्राउंड विसरू नये.

एवढे करूनही कचरा अक्षरे आली तर क्रिस्टल पाहावा. ८०५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र आकडा लागतो, कारण त्यातून ९६००चा बॉड रेट अचूक निघतो. १२चा क्रिस्टल बसवल्यास टायमरच्या त्याच सेटिंगवर वेग सुमारे १०,४१७ होतो आणि बिट चुकीच्या जागी वाचले जातात.