परळला मिळणारी गोळी

टाटा हॉस्पिटलबाहेर, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर फायलींच्या पिशव्या सांभाळत बसलेल्यांना गाव विचारलं तर उत्तर लांबलांबचं येतं. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं असतं, कुणाचा संसार तिथेच फुटपाथवर. 1941 साली हे हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून माणसं परळला येतात ती बरं व्हायला. पण ज्यांचा आजार हाताबाहेर गेला, त्यांचं मागणं एवढंच उरतं : ठणका थांबू दे, रात्री डोळा लागू दे.

त्यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे, मॉर्फीन. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची चढती शिडी आखून दिली. मॉर्फीन तिच्या वरच्या पायरीवर. आपल्याकडे मात्र आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 1985 मध्ये, अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा लागू झाला होता. रोख तस्करांवर होता, मार बसला पेशंटला. मॉर्फीन ठेवायचं तर तेव्हा निरनिराळ्या सरकारी खात्यांचे परवाने. सगळे एकाच वेळी चालू असतील तरच माल हाती. आणि गुन्हा लागलाच तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी. कोणता दुकानदार हा विस्तव पदरात घेईल? मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला आणि 1997 मध्ये देशभराचा आकडा 18 किलोंवर आला. ज्या अफूतून मॉर्फीन निघतं ती नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते, तिची निर्यातही होते, त्या देशातली ही गोष्ट!

केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फास सैल व्हावा म्हणून वर्षानुवर्षं रेटा लावला. 2007 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. पुढे मॉर्फीनसह सहा औषधं 'आवश्यक' ठरली. मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची परवानगी पुरेशी झाली. तरीही 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेल्या हिशेबात भारताला गरजेच्या जेमतेम 4 टक्के अफूजन्य औषध मिळत होतं.

कायदा सैल झाला, धास्ती गेली नाही. 'मॉर्फीन लावलं म्हणजे आता संपलंच', 'सवय लागेल' हे नातेवाईक बोलतात, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही. प्रत्यक्षात साधी गोळी दर चार तासांनी, थोड्या डोसापासून, दुखणं बघत बघत वाढवतात. रात्री मध्येच उठावं लागू नये म्हणून झोपताना डोस दुप्पट, आणि पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर. अमेरिकेत अफूजन्य गोळ्या बेछूट वाटल्या गेल्या आणि लोक व्यसनात बुडाले, हे खरं. पण त्या भीतीने इथल्या पेशंटला तळमळत ठेवणं हा न्याय नव्हे.

मुंबईत सोय आहे. अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे. टाटामध्ये वेदनाशामक उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात एमडीही करता येतं. पंचाईत होते ती गावी परतल्यावर. पिशवीतल्या गोळ्या संपल्या की जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कोण देणार? एकट्या गोळ्यांसाठी पुन्हा परळ गाठायचं, तेही हाडात कळा येत असताना. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटना तर कर्करोगाचा शिक्काही नाही. त्यांची कळ 'नेहमीचीच' म्हणून सोडून दिली जाते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या सनदेत रुग्णांचे सतरा हक्क आहेत : माहितीचा, संमतीचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा. वेदनाशमनाला त्यात स्वतंत्र कलम नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली, हे चांगलंच झालं. पण मला विचाराल तर सुरुवात डिस्चार्जच्या कागदापासून व्हावी. पेशंटचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती, गोळी कोणती, किती दिवसांची दिली आणि पुढची त्याच्या जिल्ह्यात कुठल्या रुग्णालयातून मिळेल, हे नावानिशी त्यावर असावं. आणि तिथे ती नसेल तर नाही म्हणणाऱ्याने तसं लिहून द्यावं.