स्वस्त खेळणी, मस्त डोकी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर खेळणी घ्यायला निघालात? थोडं वाचून जा. 🙂

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (तेव्हाचा ठाणे जिल्हा) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

घरी काय करता येईल?

🔹 ३ वर्षांखाली: झाकणं, वाट्या, रिकामी खोकी. चिंचोके, मणी अजिबात नकोत, नाका-घशात अडकतात.

🔹 ३ ते ५: कणकेचा गोळा, लाकडी ठोकळे, भातुकली.

🔹 ६ च्या पुढे: टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची युक्ती. गूल खरवडलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र ढिम्म! पूल-छपरांत त्रिकोण का असतात, हे पोरांना हातानंच कळतं. गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत.

विकतच घ्यायचं तर आयएसआय खूण बघा. २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि एकाच खेळण्याचे किती खेळ होतात ते मोजा. बटण दाबून नुसतं बघत बसायचं असेल, तर पैसे वाचवा.