काडेपेटीतला किडा आणि हातावरचे पुरळ

पाऊस सुरू झाला की गडब परिसरातल्या वाड्या-वस्त्यांतली पोरे किडे पाळायला लागतात. सोनकिडा काडेपेटीत ठेवून त्याला पाला घालायचा, भुंग्याच्या पायाला दोरा बांधायचा, सुरवंटाचे फुलपाखरू होते का ते बाटलीत बघायचे. जपानमध्ये तर मुलांना पाळायला शिंगवाले भुंगेरे दुकानात विकत मिळतात. छंद वाईट नाही, त्यातून पोर डोळे उघडे ठेवायला शिकते. पण याच दिवसांत हातावर, मानेवर, डोळ्यापाशी लाल पुरळ आलेली मुलेही आमच्याकडे येतात.

गेल्या पावसाळ्यात दुसरीतला एक मुलगा आईबरोबर आला. शेवग्याच्या खोडावरचे केसाळ सुरवंट त्याने डब्यात भरून ठेवले होते. दोन्ही हात सुजून लाल झाले होते. शाळेत "इतरांना लागेल" म्हणून त्याला चार दिवस वेगळे बसवले होते. आईला पुरळापेक्षा तेच जास्त झोंबले होते. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना कोणी सांगायला नको. बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. किड्यामुळे आलेले पुरळ एकाचे दुसऱ्याला लागत नाही. अशा मुलाला जवळ घ्या, त्याच्याबरोबर जेवा, शाळेत त्याला त्याच्याच जागेवर बसू द्या.

पुरळ का येते?

सुरवंटाचे बारीक केस कातडीत रुततात. काही जातींच्या केसांत विषही असते. त्याने आग होते, खाज सुटते. कपड्यात अडकलेले केस नंतरही त्रास देतात.

भेंडीच्या फुलांवर काळ्या पंखांचा, नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा बसतो. त्याला दाबले की तो अंगातून पिवळसर रस सोडतो. काही तासांत तिथे पाण्याने भरलेला फोड येतो. हा भुंगेरा पोटात गेला तर जिवावर बेतू शकते.

रात्री दिव्याभोवती मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी किडा येतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला की त्याचा रस लागतो आणि एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा लांब चट्टा उठतो. लोक त्याला नागीण समजून भगताकडे जातात. नागीण हा विषाणूचा वेगळा आजार आहे. दोन्हींवर मंत्राचा उपयोग नाही.

हे झाले विषाचे काम, ते कोणालाही बाधते. ॲलर्जी वेगळी. तीत शरीरच एखाद्या साध्या वस्तूला शत्रू समजते. पहिल्या वेळी काही होत नाही, पण तोच किडा पुन्हा पुन्हा हाताळला की गांधी उठतात, शिंका येतात, धाप लागते. रेशीमकिडे पाळणाऱ्यांना आणि प्रयोगशाळेत किडे सांभाळणाऱ्यांनाही असा त्रास होतो. ज्या मुलाला दमा आहे त्याला जास्त जपा.

काय करावे?

किडा अंगावर बसला तर चिरडू नका, कागदाने किंवा पानाने बाजूला सारा. सुरवंटाचे केस लागले असतील तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, दोन-चार वेळा तसे करा. मग साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. अंगावरचे कपडे बदला आणि वेगळे धुवा. न धुतलेला हात डोळ्याला लावू देऊ नका. थंड पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवली की आग कमी होते. नखे कापा. खाजेसाठी कॅलामाइन लावता येते, पण फुटलेल्या फोडावर नाही. फोड मुद्दाम फोडू नका. गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

चुना, शेण, राख, रॉकेल यांतले काही लावू नका. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टिरॉइड मिसळलेले मलमही नको. चार दिवस बरे वाटते, पण वापरत राहिले तर कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरते.

डोळ्यात केस किंवा रस गेला, फोड पसरले, पू झाला, ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धूत राहा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

खरूज मात्र लागते. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात दोघा-तिघांना त्रास असेल तर खरूज समजून तपासून घ्या. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचे असते. उपचार झाला की मूल शाळेत जाऊ शकते. त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही.

छंद सोडायचा का?

नाही. केसाळ आणि भडक पट्ट्यांचे किडे हाताने धरायचे नाहीत, नुसते बघायचे. बाकीच्यांना हात लावला तर नंतर साबणाने धुवायचा. डबा उशाशी ठेवायचा नाही. संध्याकाळी किडा जिथून आणला तिथेच सोडायचा.

वर्षावासात भिक्खू एका जागी राहत, कारण पावसात उगवलेले कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत. विहारात यंदा वर्षावासाचे वाचन सुरू होईल तेव्हा मुलांना हे सांगा. दोरा बांधलेला भुंगा सोडून देणे हीसुद्धा पहिल्या शीलाची सुरुवात आहे.

त्या मुलाच्या आईबरोबर आम्ही शाळेत गेलो. बाईंना हे सगळे समजावून सांगितले, त्यांनी ते ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी तो आपल्या मित्राशेजारी बसला. हातावरचे पुरळ जायला पुढे आठवडा लागला.