तपासनीस नेमका कोणाचा?

वडोदऱ्याजवळच्या सावली इथल्या आल्स्टॉमच्या, म्हणजे पूर्वीच्या बॉम्बार्डियरच्या, कारखान्यात मेट्रोचे डबे तयार होतात. दिल्ली–मेरठ मार्गावरच्या ‘नमो भारत’ गाडीचा पहिला संचही 7 मे 2022 रोजी इथूनच रवाना करण्यात आला. अशा मार्गावर प्रवासी चढण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्ताची मंजुरी लागते. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा माणूस असणार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. यात कारकुनी घोळ काही नाही. गाड्या चालवणाऱ्या रेल्वे बोर्डाच्या हाताखाली तपासनीस असू नये, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीतच मान्य झाले आणि 1941 मध्ये रेल्वेचे निरीक्षक बोर्डापासून वेगळे करून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले.

रेल्वेला लावलेला हा नियम विमानांना मात्र लागू झालेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच मंत्रालयाखाली आहे. वडोदऱ्याचा हरणी विमानतळ चालवणारे आणि तिथल्या विमानांना हवाई मार्गदर्शन करणारे भारतीय विमानतळ प्राधिकरणही याच मंत्रालयाचे. 27 जानेवारी 2022 रोजी टाटांकडे जाईपर्यंत एअर इंडियाचा कारभारही याच मंत्रालयाच्या कक्षेत होता. म्हणजे कित्येक दशके विमान कंपनी, विमानतळ आणि त्या दोहोंचा तपासनीस यांचा मंत्री एकच होता.

2020 मध्ये कायदा बदलला आणि डीजीसीए स्वायत्त झाले, असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या दुरुस्तीने डीजीसीएला वैधानिक दर्जा मिळाला, दंडाची कमाल मर्यादा 10 लाखांवरून 1 कोटी रुपयांवर गेली. परंतु सरकारने संस्थेला निर्देश देण्याचा आणि तिच्या आदेशांचा फेरविचार करण्याचा अधिकार आपल्याकडेच ठेवला. कायद्यात नाव येणे वेगळे आणि माणसे व पैसा स्वतःच्या हातात असणे वेगळे.

विमान पडले की डीजीसीए चौकशी करते, हाही असाच रुळलेला समज. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे लंडनला निघालेले 171 क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 असे 260 जण मृत्युमुखी पडले. त्याचा तपास विमान अपघात तपास ब्युरोकडे गेला आणि प्राथमिक अहवाल महिनाभरात आला. हा ब्युरो 2012 मध्ये डीजीसीएपासून वेगळा काढण्यात आला. कारण उघड आहे: अपघातात नियामकाचीही चूक असू शकते आणि स्वतःची चूक स्वतःच शोधायला कोणी फारसे उत्सुक नसते. मात्र हा ब्युरोही त्याच मंत्रालयाखाली राहिला. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारे मंडळ 1975 मध्ये वाहतूक खात्यातून पूर्ण बाहेर काढले गेले.

वडोदऱ्यात आणखी एक गैरसमज ऐकू येतो. टाटांच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या सी-295 विमानांना डीजीसीएचा शिक्का लागत असणार, असे लोक धरून चालतात. या कारखान्याचे उद्घाटन 28 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 40 इथे बनायची आहेत. पण लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता आणि गुणवत्ता संरक्षण मंत्रालयाच्या वेगळ्या यंत्रणा पाहतात. डीजीसीएचे काम नागरी विमानांपुरते.

ते काम कागद तपासण्याचे आहे, ही समजूत जास्त घातक. हरणीवर उतरलेले प्रवासी विमान साधारण अर्ध्या-पाऊण तासात परतीला निघते. तेवढ्यात अचानक तपासणीला आलेला निरीक्षक विमानाभोवती फेरी मारतो, टायरची झीज पाहतो, कुठे तेल गळते का ते पाहतो आणि कोणती दुरुस्ती कधीपर्यंत पुढे ढकलली आहे त्याची नोंद उघडून बघतो. उड्डाण निरीक्षकाचे काम याहून अवघड. तो कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागच्या आसनावर बसतो आणि त्यांची कार्यपद्धती न्याहाळतो. त्यासाठी तो स्वतः त्या प्रकारच्या विमानाचा मुरलेला वैमानिक असावा लागतो. असा माणूस विमान कंपनीत सरकारी पगाराच्या कितीतरी पट कमावतो. म्हणून हे निरीक्षक बहुतांशी कंत्राटावर आणि विमान कंपन्यांमधूनच येतात.

म्हणूनच ‘रिकाम्या जागा भरा, प्रश्न सुटेल’ हा सल्ला अपुरा ठरतो. संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2025 च्या अहवालात नोंदवले की डीजीसीएच्या 1,063 मंजूर पदांपैकी 553च भरलेली आहेत. नियमित भरती केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होते आणि तिला वेळ लागतो. मंजूर पदांचा आकडा तरी पुरेसा आहे का, हा प्रश्न उरतोच. कारण दहा वर्षांत देशातल्या विमानांचा ताफा सुमारे 400 वरून 800 च्या वर गेला.

मनुष्यबळ कमी पडले की काय होते, हे भारताने एकदा अनुभवले आहे. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने भारताला दुसऱ्या श्रेणीत ढकलले. मुख्य आक्षेप प्रशिक्षित निरीक्षकांच्या तुटवड्यावर होता. एप्रिल 2015 मध्ये पहिली श्रेणी परत मिळेपर्यंत भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणे सुरू करता आली नाहीत. 2022 च्या हवाई सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षणात मात्र भारताला 85.65 टक्के गुण मिळाले. या गुणांवरून सगळे आलबेल आहे असे मानणे चूक. हे परीक्षण नियम आणि यंत्रणा आहेत का आणि त्या चालतात का, हे पाहते. एखाद्या कंपनीपुढे नियामक ठाम उभा राहील का, हे त्यातून कळत नाही.

ते डिसेंबर 2025 मध्ये दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते: आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. इंडिगोची तयारी अपुरी निघाली आणि 5 डिसेंबरला एकाच दिवशी हजारावर उड्डाणे रद्द झाली. डीजीसीएने कंपनीला काही नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. प्रवासी अडकलेले असताना दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. मात्र नियम बराच आधी जाहीर झालेले असताना कंपनीने वैमानिक घेतले की नाहीत, हे वेळेत पाहायला निरीक्षक हवे होते.

स्वायत्तता म्हणजे सरकारी तिजोरीवर नवा भार, हा शेवटचा आक्षेप. ब्रिटनमधला नियामक 1972 पासून वेगळा आहे आणि त्याचा खर्च प्रामुख्याने तो ज्यांचे नियमन करतो त्यांच्याकडून घेतलेल्या शुल्कातून चालतो. भारतातही 2013 मध्ये नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले होते. त्यात प्राधिकरणाला स्वतःचा निधी मिळणार होता. 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, पण डीजीसीए केंद्र सरकारच्या देखरेखीखालीच राहिले. पूर्ण प्रशासकीय आणि आर्थिक स्वायत्ततेची शिफारस स्थायी समितीने त्यानंतर आठ महिन्यांनी केली.