तहान लागली तरच पाणी

शर्यत संपून अर्धा तास झाला होता, तरी सरांच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, डोके ठणकत होते आणि दोनदा उलटी झाली होती. गळ्यात पदक होते, पण ते कसले, हे विचारल्यावर सर नुसते बघत राहिले. ‘उन्हाने पाणी कमी झाले असेल,’ म्हणत बरोबरच्या मंडळींनी पाण्याची आणखी एक बाटली त्यांच्या तोंडाला लावली. हेतू चांगला होता, पण त्या क्षणी पाणी हेच सरांच्या जिवावर उठले होते.

हे सर ठाण्यातील एका शाळेत गणित शिकवतात. ओळख कळू नये म्हणून नाव दिलेले नाही. वय ४७, वजन ७२ किलो. वडिलांना हृदयविकार होता आणि स्वतःचा रक्तदाब सीमारेषेवर, म्हणून डॉक्टरांनी ‘चाला’ सांगितले. चालण्याचे धावणे झाले, तलावपाळीच्या फेऱ्यांवरून मजल उपवन आणि येऊरच्या चढापर्यंत गेली आणि दोन वर्षांत मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनचा अर्ज भरला गेला. अशी माणसे आता प्रत्येक सोसायटीत एखाद-दुसरे तरी सापडतात. मुंबईची ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली, पुण्याची तर १९८३ पासूनची. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढणारी अर्धमॅरेथॉनही राज्यभरातल्या हौशी धावपटूंना खुणावते. हौस उत्तम आहे. मात्र ४२ किलोमीटर १९५ मीटर ही हौसेची नव्हे, शरीरशास्त्राची परीक्षा आहे. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरले आणि १९२१ मध्ये अधिकृत झाले. मानवी शरीराला काय झेपेल, याचा विचार करून ते कोणी ठरवलेले नाही.

पहिल्या वर्षीच्या चुका

सरांनी जुलैपासून सराव सुरू केला. आठवड्यातून सहा दिवस धावायचे आणि रोज कालच्यापेक्षा जोरात, असा त्यांचा हिशेब. तीन महिन्यांत नडगीचे हाड दुखू लागले. दुखणे दाबायला गोळी, गोळी घेऊन पुन्हा धावणे, असे चक्र सुरू झाले.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. सरावाने शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया काही आठवड्यांत वाढतात. हाडे, स्नायुबंध आणि अस्थिबंध मात्र सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात दम टिकतो, उत्साह वाढतो, पण हाड अजून तयार नसते. बहुतेक हौशी धावपटूंच्या दुखापती याच फटीत होतात.

दुसरी चूक खाण्याची. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७२ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे ३,००० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून मिळतात जेमतेम १,६०० ते २,०००. चरबीचा साठा प्रचंड असतो, पण ती हळू जळते. वेग जितका जास्त, तितका ग्लायकोजेनवर भार जास्त. म्हणूनच तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास अनेकांचे पाय शिशाचे होतात. धावपटू त्याला ‘भिंत’ म्हणतात. सरांनी पहिले वीस किलोमीटर गर्दीच्या आणि बँडच्या नादात वेगाने काढले. माहीम मागे पडले आणि भिंत आली.

तिसरी चूक सर्वांत महागात पडली. ‘तहान लागायच्या आधीच प्यायचे, एकही टेबल सोडायचे नाही,’ असे त्यांना कोणीतरी बजावले होते. हा सल्ला हवेतून आलेला नाही. घामाने जाईल तितके सगळे पाणी भरून काढा, निदान सोसेल तितके प्या, असे १९९६ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेचेच म्हणणे होते. २००७ मध्ये ते बदलले. पण जुना सल्ला मैदानावरून अजून हटलेला नाही.

सर सुटण्यापूर्वी एक लिटर पाणी प्यायले. वाटेत जवळजवळ प्रत्येक टेबलावर थांबले. भिंत आल्यावर तर ‘पाणी कमी पडले’ असे वाटून आणखी प्यायले. पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा खिशातली वेदनाशामक गोळी घेतली आणि तीही पाण्याबरोबर. पाच तास पन्नास मिनिटांनी शर्यत संपली.

एक प्रश्न

वैद्यकीय तंबूतून सरांना रुग्णालयात हलवले गेले. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरांनी सलाइन जोडण्यापूर्वी बायकोला एकच प्रश्न विचारला, ‘काकू, काका पाणी किती प्यायले?’ मग सरांना तसेच आधार देऊन वजनकाट्यावर उभे केले. सकाळी घरून निघताना ७२ किलो भरलेले वजन आता ७३.४ होते. सहा तास घाम गाळून वजन वाढलेले! रक्तातील सोडियम १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असायला हवे. ते १२२ निघाले.

याला व्यायामजन्य हायपोनॅट्रेमिया म्हणतात. शरीरातले मीठ संपते, असा अनेकांचा समज असतो. मुख्य कारण ते नाही. मीठ थोडेफार घामातून जाते हे खरे, पण खरी गडबड जास्तीच्या पाण्याने रक्त पातळ होण्याची असते. एरवी जास्त पाणी प्यायलो तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मात्र दीर्घ श्रम, वेदना, मळमळ अशा ताणात मेंदूतून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक स्रवत राहते. मूत्रपिंडाचा दरवाजा बंद आणि वरून पाण्याची भर. काही वेदनाशामक गोळ्या या संप्रेरकाचा परिणाम आणखी वाढवतात, शिवाय मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. रक्त पातळ झाले की पाणी पेशींमध्ये शिरते. हातापायाला सूज आली तर अंगठी घट्ट होते. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागाच नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, मग झटके आणि बेशुद्धी, असा हा उतार आहे.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यत संपताच तपासले गेले. त्यांतल्या १३ टक्क्यांचे सोडियम कमी होते. धोका सर्वांत जास्त कोणाला होता? शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना. चार तासांहून जास्त वेळ घेणारेही जास्त धोक्यात होते, कारण सावकाश धावणाऱ्याला घाम कमी येतो आणि प्यायला वेळ भरपूर मिळतो. त्याच शर्यतीत २८ वर्षांच्या एका स्त्री धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला.

सरांना नेहमीचे सलाइन न देता तीन टक्क्यांचे, म्हणजे तिप्पटीहून तीव्र मिठाचे सलाइन १०० मिलिलिटर दिले गेले. मेंदूची सूज उतरवण्याचा तो उपाय आहे. थोड्या वेळाने दुसरा डोस दिला. संध्याकाळी सरांनी मुलाला नावाने हाक मारली आणि पाठोपाठ विचारले, ‘माझी वेळ किती लागली?’ बायकोने उत्तर दिले नाही.

हृदयाचे काय?

रुग्णालयातून घरी आल्यावर बायकोचा प्रश्न साधा होता, ‘हे थांबवणार की नाही?’ तिला भीती पाण्याची नव्हती, सासऱ्यांच्या आजाराची होती.

भीती अनाठायी नाही, पण तिचे माप माहीत हवे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींचा अभ्यास झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या आणि ४२ जण दगावले. ५९ पैकी ५१ पुरुष होते. म्हणजे धोका लाखात एकाहून कमी. पूर्ण मॅरेथॉनमध्ये मात्र तो अर्धमॅरेथॉनपेक्षा बराच जास्त होता. जे वाचले, त्यांच्यापैकी बहुतेकांना जवळच्या माणसांनी ताबडतोब छाती दाबून जीवनसंजीवनी दिली होती. त्यामुळे धावण्याच्या गटातल्या प्रत्येकाला सीपीआर यायलाच हवा. भारी बुटांपेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे.

चाळिशी उलटलेल्या, घरात हृदयविकार असलेल्या, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाने सरावाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ईसीजी आणि गरज असल्यास ताण चाचणी करावी. पण चाचणी चांगली आली म्हणजे परवाना मिळाला, असे नाही. धावताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वेगाच्या मानाने फारच दम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबायचे. ‘फक्त दोन किलोमीटर राहिलेत’ हा विचार अनेकांना नडला आहे.

सरांची तपासणी झाली. हृदय ठीक निघाले. बायकोने अट घातली, ‘पुढच्या वेळी माझ्या हिशेबाने.’

दुसरे वर्ष

हिशेब सोपा होता. आठवड्यातून चारच दिवस धावणे. त्यातले तीन दिवस सावकाश. सावकाश म्हणजे किती? सरांनी आपली युक्ती काढली. धावता धावता एकोणतीसचा पाढा न धापता म्हणता आला पाहिजे. पाढा अडखळला की वेग कमी करायचा. क्रीडावैद्यकात याला बोलण्याची चाचणी म्हणतात आणि कोणत्याही महागड्या घड्याळाशिवाय ती चांगली चालते. रविवारी लांब पल्ला. तो बारा किलोमीटरपासून हळूहळू तिसापर्यंत वाढवला. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केले. दोन दिवस पायांचे आणि कमरेचे व्यायाम. झोप सात तास. शेवटचे तीन आठवडे सराव उतरता.

रविवारी निघण्यापूर्वी आणि आल्यावर घाम पुसून वजन. एका तासात वजन ७०० ग्रॅम घटले आणि वाटेत काही प्यायले नाही, तर घाम सुमारे ७०० मिलिलिटर. सरांचा आकडा थंड पहाटेला ६०० आणि दमट सकाळी ९०० च्या आसपास निघाला. म्हणजे प्रत्येक टेबलावर बाटली संपवण्याची गरज कधीच नव्हती. दोन-अडीच तासांच्या धावण्यात वजनात एक-दोन टक्के घट झाली तर ती चालते. वाढ मात्र कधीच चालत नाही.

खाण्याचाही सराव केला. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली तर भिंत लांब ढकलता येते. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. सरांनी केळे, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की रविवारच्या पल्ल्यांत आलटून पालटून करून पाहिली. चिक्की धावताना घशात अडकते, हे तिथेच कळले. शर्यतीच्या दिवशी नवे काही खायचे नाही, नवे बूट घालायचे नाहीत आणि वेदनाशामक गोळी खिशात ठेवायचीच नाही, असे तीन नियम दारामागे लिहून लावले.

आपल्याकडे ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे’ हा मूर्खपणा समजला जातो. मॅरेथॉनमध्ये मात्र विहिरी ठिकठिकाणी खोदलेल्या असतात. तिथे तहान लागल्यावरच पिणे, हाच शहाणपणा. उन्हाचा मामला याला जोडूनच आहे. शरीर तापून ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्याने अंग थंड करायचे, मग हलवायचे. बरळणे उष्माघातातही असते आणि हायपोनॅट्रेमियातही. म्हणून गोंधळलेल्या धावपटूला तोंडाने पाणी पाजण्याऐवजी तंबूतल्या डॉक्टरांकडे न्यावे. शर्यतीनंतर एक-दोन दिवस लघवी चहासारखी काळपट झाली, तर तेही घरी बसून बघायचे लक्षण नाही. स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असू शकते.

जानेवारीत सर पुन्हा पहाटे पाचला उभे राहिले. पहिले दहा किलोमीटर शेकडो लोक पुढे निघून गेले. सरांचा पाढा चालू होता. माहीमला पाय जड झाले, पण भिंत आली नाही. पेडर रोडचा चढ ते चक्क चालत चढले. पाच तास बारा मिनिटे.

बायको वजनकाटा घेऊन गाडीत बसली होती. काटा ७०.९ वर थांबला. सरांनी बोटातली अंगठी फिरवून पाहिली. ती सहज फिरली.